सात मठ, एक सही

ऑस्ट्रियात मेल्कच्या मठात पहिला साधू समोरून आला, तेव्हा भावनाताई लोणारे यांनी त्याचा चेहरा पाहिला नाही. त्या त्याच्या झग्याची खालची पट्टी पाहत होत्या. काळा पायघोळ झगा, त्यावर खांद्यांपासून खाली लोंबणारा तसाच काळा कापडी पट्टा.

‘‘शिलाई मशीनची आहे,’’ त्या मुलीला म्हणाल्या, ‘‘पण पट्टी हातानं टाकली आहे. कोण शिवून देते वं यायले?’’

‘‘मला काय माहीत आई? तू वर बघ ना. हे छत बघायला लोक जगभरातून येतात.’’

भावनाताईंनी छत पाहिलं. सोनेरी होतं, ढगांत माणसं होती. पाच मिनिटांनी त्या चर्चबाहेरच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या आणि पर्सची चेन उघडून आतला कागद जागेवर आहे का ते चाचपत होत्या. खाली डॅन्यूब नदी वाहत होती. तिच्याकडे त्यांची पाठ होती.

भावनाताई सत्तावन्न वर्षांच्या. नागपुरात इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीत राहतात आणि तीस वर्षं शिवणकाम करतात. आधी ब्लाउज आणि शाळांचे गणवेश, आता मुख्यतः चीवर, म्हणजे बौद्ध भिक्षूचं वस्त्र. चीवर अखंड कापडाचं नसतं. शेताच्या बांधांसारखे सांधे दिसतील असे तुकडे जोडून ते शिवायचं असतं, आणि ते माप सगळ्यांना जमत नाही. नवरा रुपराव रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. मालगाडीचा गार्ड शेवटच्या डब्यात एकटा असतो. इटारसीला निघालेली गाडी आमल्याला सहा तास उभी राहिली, तर तोही तिच्यासोबत सहा तास उभा. चौतीस वर्षं हे चाललं. घरी असत तेव्हाही रुपराव फार बोलत नसत. भावनाताईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं की बोलणं वगैरे रिटायर झाल्यावर.

रिटायर झाले गेल्या ऑक्टोबरात. जानेवारीत वाडीच्या पुढे, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागच्या एका विहारात दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर लागलं. श्रामणेर म्हणजे शिकाऊ भिक्षू. इंदोऱ्यातल्या घरांना हे नवीन नाही. कॉलेजातल्या पोरापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत कोणीही डोकं मुंडवून दहा दिवस चीवर घालतो, दुपारी बारानंतर जेवत नाही आणि अकराव्या दिवशी पॅन्ट चढवून घरी येतो. त्या दहा दिवसांत घरच्यांनी त्याला वाकून वंदन करायचं, ‘भंते’ म्हणायचं, पुढ्यात नेऊन जेवण वाढायचं. बायकोनंही. बायका पदराआड हसतात आणि वाकतात. भावनाताईही हसल्या, वाकल्या. चीवर त्यांनीच शिवलं होतं.

अकराव्या दिवशी रुपराव आले नाहीत. आणखी दहा दिवस, म्हणाले. मग फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये विहाराच्या फोनवरून त्यांचा फोन आला आणि पलीकडून आवाज म्हणाला, ‘‘उपासिका, सुखी राहा.’’

भावनाताईंनी नंबर पुन्हा पाहिला. ‘‘कोण बोलून राहिले?’’

‘‘मीच.’’

‘‘मंग भावना म्हणा ना.’’

तसं आता म्हणता येत नाही, असं उत्तर मिळालं.

एप्रिलमध्ये त्याच नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली. संमतिपत्र. आषाढ पौर्णिमेला भिक्षूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला तीन महिन्यांचा एका जागचा मुक्काम, सुरू होतो. त्याआधी रुपरावांना उपसंपदा, म्हणजे पक्की दीक्षा, द्यायची होती. बायको असलेल्या माणसाला तिच्या लेखी संमतीशिवाय दीक्षा द्यायची नाही, असा त्या विहारातल्या मोठ्या भंतेजींचा दंडक होता. ‘मी, सौ. भावना रुपराव लोणारे, माझ्या पतींना गृहत्याग करून संघात जाण्यास स्वखुशीने संमती देत आहे.’ खाली सहीची आणि तारखेची जागा रिकामी. पीडीएफच्या वर किंवा खाली रुपरावांचा स्वतःचा एक शब्द नव्हता.

भावनाताईंनी प्रिंट काढून आणलेला कागद शेजारच्या तुळसाबाईंनी वाचला आणि चष्मा काढला. ‘‘दारू पेणारा असता, तं सारा मोहल्ला तुह्या बाजूनं उभा राह्यला असता. हा तं धम्मात चालला. धम्माले नाही कशी म्हणशील वं?’’

अडचण नेमकी तीच होती. रस्त्यात भेटणारे लोक अभिनंदन करत होते. सही केली तर नवरा कायमचा गेला. नाही केली तर धम्माच्या आड आलेली बाई. भावनाताईंचं मशीनवर मन लागेना. एकाच चीवराचा सांधा त्यांनी तीनदा उसवला.

मुलगी अपेक्षा चार वर्षांपासून व्हिएन्नात आहे. तिचं काम जुन्या इमारतींच्या भिंती मोजण्याचं: कुठे ओल चढली, कुठे तडा रुंदावला. ऑस्ट्रियात जुनी इमारत म्हणजे बहुतेकदा मठ. मे महिन्यात तिनं आईचं तिकीट काढलं. ‘‘उन्हाळा इकडे काढ. आणि तो कागद सही करून टाक, म्हणजे डोक्यातून जाईल. बाबा खूश आहेत तिथे.’’

कागद सही न होता पर्समधून व्हिएन्नाला आला.

मेल्कनंतर ग्योटवाइग झालं, मग हायलिगेनक्रॉइत्झ. तिथले साधू पांढऱ्या झग्यावर काळा पट्टा घालतात आणि दुपारच्या प्रार्थनेला दोन रांगांत समोरासमोर उभं राहून गातात. एक रांग एक ओळ म्हणते, दुसरी पुढची. भावनाताई मागच्या बाकावर बसल्या, उठल्या, खांबाआड गेल्या, परत आल्या. अपेक्षानं हात धरून बसवलं.

‘‘पाठ चांगला आहे यायचा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या तिसऱ्या भंतेचं लग्न झालं असन का?’’

‘‘आई, हे भंते नाहीत. आणि हळू बोल.’’

‘‘झालं असन. बोटाकडे पाहा, अंगठी काढल्यासारखं दिसते.’’

प्रत्येक ठिकाणी त्यांचा प्रश्न एकच होता, बायको असलेल्या माणसाला इथे घेतात का, आणि अपेक्षा तो तिथल्या भाषेत नेत नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये सेंट गॅलनला ग्रंथालयात जाताना बुटांवर नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, सपाते चढवावे लागतात, लाकडी फरशी झिजू नये म्हणून. भावनाताई ते घालून बाराशे वर्षांच्या जुन्या पोथ्यांसमोरून घसरत गेल्या आणि दुसऱ्या टोकाला पोचून म्हणाल्या, ‘‘भंते कुठी आहेत?’’

‘‘इथे नाहीत आता. दोनशे वर्षांपूर्वी सरकारनं मठ बंद केला.’’

‘‘मंग ते गेले कुठी?’’

‘‘कोण?’’

‘‘जे होते ते. घरच्यायनं वापस घेतलं का त्यायले?’’

अपेक्षाला माहीत नव्हतं. भावनाताईंना हे खटकलं. एवढी कपाटं, एवढी पुस्तकं, आणि माणसं कुठे गेली ते मुलीला ठाऊक नाही.

जर्मनीतल्या माउलब्रॉनलाही साधू नव्हते. मठाच्या काही खोल्यांत शाळा भरते. तिथलं मधलं चौकोनी अंगण आणि त्याभोवतीची कमानींची पडवी पाहून मात्र त्या थबकल्या. विहाराच्या बसनं त्या एकदा अजिंठ्याला गेल्या होत्या. तिथेही असंच: मध्ये मोकळी जागा, भोवती खोल्या. त्यांनी पडवीला सात फेऱ्या मारल्या. अपेक्षानं विचारलं, आवडलं का? ‘‘बसाले जागा नाही,’’ त्या म्हणाल्या. जागा होती, भिंतीला लागून दगडी कट्टा होता.

संध्याकाळी तुळसाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. ‘‘आयफेल टावर दाखव.’’

‘‘तो दुसऱ्या देशात आहे.’’

‘‘मंग तू काय पाहून राहिली?’’

‘‘विहार.’’

‘‘विहार पाहाले विमानानं गेली? वाडीले तं ऑटो जाते, बाई!’’

सहावा अ‍ॅडमाँट. सातवा मठ लहान होता, डोंगरात, पर्यटकांच्या यादीत नसलेला. अकरा साधू, त्यातले सात सत्तरीपलीकडचे. अपेक्षाला तिथल्या कोठाराची भिंत मोजायची होती, म्हणून दोघींना पाहुण्यांच्या घरात तीन दिवस खोली मिळाली. पाहुण्यांची व्यवस्था फादर क्लेमेन्स पाहत. बहात्तर वर्षांचे, उंच, कानात यंत्र. किल्ली देताना त्यांनी भावनाताईंना हात जोडले. भावनाताईंनी गुडघे टेकून तीनदा वंदन केलं. फादर एक पाऊल मागे सरले आणि अपेक्षाला काहीतरी म्हणाले.

‘‘काय म्हणते?’’

‘‘म्हणतात, जिन्यावर पडलात का?’’

दुसऱ्या दिवशी पहाटेच भावनाताई पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात उतरल्या. मठात राहायचं आणि साधूंना भोजनदान द्यायचं नाही, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. तुरीची डाळ आणि तिखट नागपूरहून आणलेलं होतं. दोन विजेच्या शेगड्यांवर अकरा माणसांचा भात, वरण, वांग्याची भाजी आणि पोळ्या. पोळपाट नव्हता, काचेच्या टेबलावर लाटल्या. शेगडी ताव धरत नव्हती. नऊ, दहा, साडेदहा. त्या भाजी हलवायच्या आणि घड्याळ पाहायच्या. बाराच्या आत साधूंच्या ताटात पडलं पाहिजे. सूर्य माथ्यावरून ढळला की दान व्यर्थ.

पावणेबाराला पातेली घेऊन दोघी मठाच्या दाराशी पोचल्या. दार बंद. आतून गाणं ऐकू येत होतं.

‘‘दुपारची प्रार्थना आहे. सव्वाबाराला सुटतील,’’ अपेक्षा म्हणाली.

‘‘सव्वाबारा? घंटी वाजव.’’

‘‘आई, प्रार्थना चालू आहे.’’

‘‘मंग जेवतीन कवा? वाजव म्हणतो ना!’’

अपेक्षानं वाजवली नाही. भावनाताईंनी पातेलं खाली ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. बाराचे टोले पडले. दार उघडलं तेव्हा बारा वाजून सतरा मिनिटं झाली होती. फादर क्लेमेन्सनी वास घेतला आणि हात पुढे केले. भावनाताईंनी पातेलं पोटाशी धरलं.

‘‘नाही. वेळ गेली. आता देलं तं दोष मले.’’

अपेक्षानं सांगितलं. फादरांनी पुन्हा विचारून घेतलं, कानातलं यंत्र नीट बसवलं आणि बोलले.

‘‘म्हणतात, आम्ही आत्ताच जेवतो. आणि संध्याकाळी सहालाही.’’

‘‘सहाले? भिक्षू?’’

‘‘सणाच्या दिवशी बिअर पण असते.’’

भावनाताईंनी फादरांकडे पाहिलं. एवढा म्हातारा माणूस चेष्टा करणार नाही, अशी खात्री पटल्यावर त्यांनी पातेलं सोडलं. बायांना साधूंच्या भोजनगृहात जाता येत नाही. त्या बाहेर बाकावर बसल्या. आत जेवताना कोणी बोलत नव्हतं, एक जण मोठ्यानं पुस्तक वाचत होता. जेवण संपल्यावर दात्यासाठी पाठ होईल म्हणून त्या हात जोडून उभ्या राहिल्या. पाठ झाला नाही. फादर क्लेमेन्स रिकामी पातेली घेऊन आले. घासलेली होती.

‘‘कोणं घासली?’’

‘‘त्यांनीच. आज त्यांची पाळी.’’

भावनाताई बाकावर बसल्या आणि हसायला लागल्या. ‘‘रुपरावनं चौतीस वर्षांत एक कप नाही इसळला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे सांग त्यायले.’’ अपेक्षानं सांगितलं. फादरही हसले. हसू ओसरलं तसा भावनाताईंनी पर्समधून कागद काढला.

‘‘आता मी विचारतो ते सरळ विचार. एखाद्याची बायको जित्ती आहे आणि त्याले इथं याचं आहे. तं हे काय करतात?’’

पळवाट नव्हती. अपेक्षानं विचारलं. फादरांनी ऐकलं, कागदाकडे पाहिलं, मान हलवली आणि चार-पाच वाक्यं बोलले.

‘‘म्हणतात, परवानगी लागते,’’ अपेक्षा म्हणाली.

‘‘मान तं नाही म्हणून हलवली.’’

‘‘आई...’’

‘‘मले भाषा येत नाही वं. मुंडी हलली ते दिसते.’’

अपेक्षानं मोजणीची फीत गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, ‘‘घेतच नाहीत. बायको असेल तोवर नाही. तिनं कागद लिहून दिला तरी नाही.’’

‘‘काहून?’’

फादरांनी सांगितलं ते तिनं या वेळी जसंच्या तसं आणलं: त्यानं आधीच एकीला शब्द दिलेला असतो. तो मोडून जो येईल, त्याचा शब्द आम्ही कशाच्या भरवशावर घ्यायचा? शेवटी फादरांनी हेही जोडलं, की हा आमच्या घरचा नियम, तुमच्या घरचा तुम्ही जाणा. मला बायको नाही, तेव्हा यातलं मला काय कळणार.

भावनाताईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. सात मठ ज्याच्यासाठी पालथे घातले ते उत्तर हातात आलं होतं. त्याऐवजी त्या मुलीवर उसळल्या. ‘‘खोटं काहून सांगितलं?’’

‘‘कारण तू त्यांचा नियम घेऊन बाबांच्या अंगावर जाशील. बाबा आयुष्यभर एका डब्यात बसले, आई. आता पहिल्यांदा त्यांना काहीतरी हवंय.’’

‘‘आन् मी? मी कुठी बसलो होतो?’’

अपेक्षा फीत उचलून कोठाराकडे गेली. रात्री दोघी वेगवेगळ्या वेळी जेवल्या. सकाळी चहा देताना अपेक्षा म्हणाली, ‘‘सही नको करूस. पण त्यांना सांगताना तुझं म्हणून सांग. फादरांचं म्हणून नको.’’

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भावनाताई नागपुरात उतरल्या. कूलर अजून चालूच होते. तिसऱ्या दिवशी त्या विहारात गेल्या. अमरावती रोडवर ट्रकांची रांग होती. धूळ विहाराच्या पायरीपर्यंत आलेली. मोठे भंतेजी आसनावर बसले होते, बाजूला खाली रुपराव. बारीक झाले होते. चीवराचा कोपर झाकणारा सांधा उसवलेला भावनाताईंना लांबूनच दिसला. त्यांनी मोठ्या भंतेजींना वंदन केलं. रुपरावांना केलं नाही.

‘‘कागद आणला, ताई?’’ भंतेजींनी विचारलं.

‘‘आणला. सही नाही केली.’’

मुलीनं बजावलं होतं, तरी त्यांच्या तोंडून आधी तेच आलं: तिकडच्या मठांत तं बायको जित्ती असन तोवर घेतच नाहीत. भंतेजी शांतपणे म्हणाले, ‘‘तो त्यांचा नियम. आपल्याकडे यशोधरेचं उदाहरण आहे. सिद्धार्थ काही रात्री चोरून गेला नाही. तिची संमती घेऊन गेला. तिनं ती धैर्यानं दिली.’’

तो बायकोला झोपेत सोडून गेला असं बाहेर सांगतात, पण इंदोऱ्यातल्या प्रत्येक घराला ही संमतीची गोष्ट ठाऊक आहे. भावनाताईंनाही लहानपणापासून.

‘‘देली, भंते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण सिद्धार्थ तिच्या खोलीत गेला होता. तिच्यापुढं उभं राहून त्यानं तिले विचारलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ नव्हती पाठवली.’’

दारात झाडणारा एक श्रामणेर थांबला. भंतेजींनी रुपरावांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘तुम्ही विचारलं नव्हतं?’’

रुपरावांनी मान खाली घातली.

‘‘विचारा.’’

रुपरावांनी एकदा ‘उपासिका’ म्हणून सुरुवात केली आणि थांबले. भावनाताई उभ्याच होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

‘‘भावना,’’ ते शेवटी म्हणाले, ‘‘जाऊ काय?’’

‘‘नाही.’’

उत्तर इतक्या लवकर येईल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. रुपरावांनी वर पाहिलं.

‘‘काहून वं?’’

‘‘चौतीस वर्षं मी वाट पाह्यली. ती पाहाची का नाही, हे मले कोणंच विचारलं नव्हतं. आता बंद कर म्हणता. तेही कागदावर टाइप करून, माह्याच खुशीनं. माही खुशी नाही. हे लिहून पाह्यजे असन तं देतो.’’

‘‘मंग घरी येऊ?’’

‘‘ते मी नाही म्हटलं. धरून नाही ठेवलं मी तुम्हाले. राहाचं असन तं राहा इथं.’’

‘‘तुले चालते?’’

‘‘नाही चालत. पण राहा.’’

भंतेजींनी कागद मागून घेतला, दोनदा दुमडला आणि परत दिला. संमती नाही तर उपसंपदा नाही, म्हणाले. श्रामणेर म्हणून राहायला अडचण नाही. भावनाताई बाहेर आल्या. रस्त्यावर दोन ऑटो त्यांच्यासाठी थांबले. त्यांनी दोन्ही जाऊ दिले आणि ट्रकांच्या कडेकडेनं वाडीपर्यंत पायी गेल्या.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. रुपराव विहारात आहेत, श्रामणेर म्हणून. जेवायला बसताना त्यांची जागा रांगेत शेवटी, एकवीस वर्षांच्या एका भिक्षूच्या खाली. भावनाताई प्रत्येक रविवारी जात नाहीत. जातात तेव्हा रांगेतल्या सगळ्यांना वंदन करत येतात आणि शेवटच्या माणसापाशी आल्या की उभ्या राहून विचारतात, ‘‘कसे आहा?’’ रुपरावांना त्या वेळी हात कुठे ठेवावे ते कळत नाही.